ठाण्यातून स्कूबा डायव्हिंग : फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचं ऑफिस नौपाड्यात आणि बोट मालवणात. थिअरी आणि तरणतलावातला सराव इथे ठाण्यात होतो, समुद्रातलं डायव्हिंग तिकडे. बोट लहान आहे, एका फेरीला मोजकीच माणसं घेतो. फोनवर तेच ते प्रश्न येत असतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत.

ऑफिस ठाण्यात आहे, खाडी समोर आहे, मग डायव्हिंग इथेच का नाही?

कारण खाडीत काही दिसणार नाही. ठाण्याच्या खाडीचा तळ गाळाचा. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा तो गाळ ढवळते, त्यामुळे पाण्याखाली हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसायची मारामार. शिवाय शहराचं सांडपाणी आहेच. पण गाळाला नावं ठेवायचं कारण नाही, त्याच्याच जिवावर दरवर्षी रोहित पक्षी इथे उतरतात. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. ऐरोलीला वनविभागाचं जैवविविधता केंद्र आहे, हंगामात तिथून बोटीने पक्षी बघायला जाता येतं. जरूर जा. ही खाडी वरूनच बघायची.

आणि हो, मासुंदा आणि उपवन तलावाबद्दलही विचारतात. नाही.

मला पोहता येत नाही. चालेल का?

पहिल्या अनुभवासाठी, म्हणजे 'ट्राय डाइव्ह'साठी, चालेल. प्रशिक्षक पूर्णवेळ तुमच्या सिलिंडरला धरून असतो. वर-खाली करणं, जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं, दिशा, सगळं त्याच्याकडे. तुमचं काम एकच : तोंडाने सावकाश श्वास घेत राहायचं.

गंमत म्हणजे अडचण पाण्याखाली कमी आणि पाण्यावर जास्त येते. पोहता न येणारा माणूस खाली गेला की बऱ्याचदा शांत होतो. वर लाटांमध्ये तरंगताना, नाकातोंडाशी पाणी आलं की मात्र बिथरतो. म्हणून अशांना आम्ही आधी ठाण्यात तरणतलावात बोलावतो. कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण) धरून बसायचं. तिथे श्वासाची लय सापडली की मालवणात निम्मं काम झालेलं असतं. तलावात यायला वेळच नाही म्हणणाऱ्यांना किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तेच करायला लावतो, पण त्यात त्या दिवसाचा वेळ जातो आणि बोटीवरचे बाकीचे ताटकळतात.

कोर्स करायचा असेल तर पोहणं आलंच पाहिजे. कोणत्याही पद्धतीने सलग २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगून राहणं.

ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो?

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तुमच्या-आमच्या भोवती आहे तीच हवा असते. कॉम्प्रेसरने गाळून, कोरडी करून, साधारण २०० बार दाबाने भरलेली. तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच.

किती पुरेल हा हिशेब मात्र समजून घेण्यासारखा आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारने २,४०० लिटर हवा बसते. शांत माणूस मिनिटाला समजा २० लिटर ओढतो. पण समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट आणि तीच छाती भरायला हवाही दुप्पट, ४० लिटर. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवून वर यायचं असतं. उरलेली १,८०० लिटर हवा झाली ४५ मिनिटांची. घाबरून धापा टाकणारा तीच हवा निम्म्या वेळात संपवतो. ट्राय डाइव्ह याहून कमी खोलीवर आणि वीस-पंचवीस मिनिटांचीच असते, त्यामुळे हवा संपेल ही चिंता नको. उरलेली हवा दाखवणारं गेज प्रशिक्षक बघत असतो.

हवेला वास येता कामा नये. तेलाचा किंवा धुराचा वास आला, तर मग ती बोट कुणाचीही असो, पाण्यात उतरू नका.

कान दुखतात म्हणे?

दुखू लागण्याच्या आधीच थांबायचं असतं. पाण्याचा दाब कानाच्या पडद्याला आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की आतून हवा जाते आणि पडदा जागेवर येतो. हे उतरायला लागल्यापासूनच, मीटरभर उतरलं की एकदा, असं करत जायचं. लोकांना वाटतं खोलवर गेल्यावर दुखतं. पण सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, कारण पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जातानाच हवेचं आकारमान निम्मं होतं. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. जोर लावून फुंकायचं नाही.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाकात थेंब घालून वेळ मारून नेणारे असतात. औषधाचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना हवा अडकते आणि ते दुखणं जास्त वाईट.

याचीच दुसरी बाजू म्हणजे या खेळातला पहिला नियम : पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी.

आमच्याबरोबर दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. दोघींना येता येईल का?

मुलीला येईल. समुद्रात वयाची खालची मर्यादा १० वर्षं धरली जाते. तिला स्वतःला यायचं आहे ना, एवढं एकदा आई-बाबा बाजूला नसताना विचारतो.

सासूबाईंच्या बाबतीत वयापेक्षा तब्येत महत्त्वाची. वैद्यकीय प्रश्नावली सगळ्यांकडूनच भरून घेतो : दमा, फिट्स, हृदयविकार, आटोक्यात नसलेलं ब्लड प्रेशर किंवा शुगर, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, फुफ्फुसाचा आजार. कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं. ही प्रश्नावली निघायच्या आधी ठाण्यातच भरा. बोटीवर बसल्यावर कागद हातात दिला की माणूस सगळीकडे 'नाही' लिहितो, कारण तोवर पैसे भरलेले असतात आणि कुटुंब वाट बघत असतं. गरोदरपणात डायव्हिंग नाही, यात घासाघीस नाही. पाळी चालू असेल तर हरकत नाही, आणि त्याने शार्क येतात ही थाप आहे.

शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी डाइव्ह, दुपारी सिंधुदुर्ग फोर्ट, रात्रीच्या गाडीने परत. जमेल?

ठाणे-डोंबिवलीकरांचा हा सगळ्यात आवडता बेत, आणि आम्ही सगळ्यात जास्त वेळा याच बेताला नाही म्हणतो.

कोकणकन्या रात्री ठाण्याहून सुटते, सकाळी कुडाळला उतरवते. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. म्हणजे वेळेचं गणित बसतं. बसत नाही ती झोप. रात्रभर डब्यात अर्धवट झोपलेला, पाणी कमी प्यायलेला, उतरल्याबरोबर चहा-वडापाव खाल्लेला माणूस बोटीवर पहिल्या दहा मिनिटांत हिरवा-पिवळा होतो. त्यात डोक्यात परतीच्या तिकिटाची वेळ. असा माणूस घाईने उतरतो, कान दुखला तरी सांगत नाही, आणि वर आल्यावर म्हणतो, 'काही खास नव्हतं.'

आमचा क्रम असा : शनिवारी पोचा, आराम करा, संध्याकाळी कपडे आणि फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) मापून बघा. डाइव्ह रविवारी सकाळी. सोमवारची सुट्टी टाका. ती मिळत नसेल तर दिवाळीनंतरचा जोडून सुट्ट्यांचा आठवडा बघा, पण तेव्हा गर्दी असते. कोकण रेल्वेचं आरक्षण गणपती आणि मे महिन्यात कसं असतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पाणी कधी स्वच्छ असतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, मार्च-एप्रिल ठीक. मे अखेर ते ऑगस्ट अखेर जलक्रीडा बंदच असतात. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला की होड्या सुटतात, पण डायव्हिंगचं पाणी तेव्हा लगेच निवळत नाही. नद्यांनी आणलेला गाळ बसायला दसरा-दिवाळी उजाडते.

तारीख ठरवताना कॅलेंडरवर तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोराने आत-बाहेर करतं आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती : ओढ कमी, पाणी तुलनेने नितळ. लोक फक्त शनिवार-रविवार बघतात. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आधी तिथी विचारतो, मग वार. सकाळचीच वेळ का, तर जमिनीवरून येणारा मतलई वारा सकाळी मंद असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात.

हे सगळं सुरक्षित आहे का?

लोकांना भीती पाण्याखालची वाटते. आम्हाला जास्त काळजी बोटीची असते. मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणारी एक बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. डाइव्ह आटोपली होती, माणसं परत येत होती.

म्हणून कुणाहीकडे बुकिंग करा, आमच्याकडे नाही केलंत तरी, पण हे विचारा. बोटीची महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदणी आहे का आणि प्रवासीक्षमता किती? बोटीवर ती लिहिलेली असते, मोजून बघा. क्षमतेपेक्षा एक जरी जास्त माणूस चढवला तर उतरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि ते अंगावर आहे की बाकाखाली कोंबलंय? डाइव्ह करून दमून परतताना लोक जॅकेट काढून फोटो काढतात. आमच्या बोटीवर इंजिन चालू झालं की जॅकेट अंगावर, मग तुम्ही राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू असलात तरी. माणसं पाण्यात असताना इंजिन बंद असतं का? बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? (हा खरा ऑक्सिजन, आजारी डायव्हरला देण्यासाठी.) एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती नवखे? आमच्याकडे एकाला एक.

आणि शेवटचं : तांडेलाने 'आज नको' म्हटलं तर मालक काय करतो? तांडेलाशी वाद घालणारा मालक असेल तर तिथे थांबू नका.

मला बोट लागते.

मग आदल्या रात्रीची झोप, हलका नाश्ता आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी. गोळी निघण्याच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या आधी घरी घेऊन बघा. बोटीवर मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. गंमत अशी की पाण्याखाली गेलं की त्रास बहुधा कमी होतो, हेलकावे वरच राहतात. उलटी झालीच तर लाजू नका, वाऱ्याच्या दिशेला तोंड मात्र करू नका.

खाण्यापिण्याचं काय?

सकाळी घावणे किंवा थोडे पोहे, दोन तास आधी. सुरमईची थाळी नंतर. उपवास असेल तर निदान केळं-दूध घ्या, रिकाम्या पोटी पाण्यात सोडत नाही. आणि मालवणला आलोय म्हणून आदल्या रात्री 'बसायचं' असेल तर डाइव्ह झाल्याच्या रात्री बसा. दारूने शरीर कोरडं पडतं आणि डायव्हिंगच्या त्रासांचा धोका वाढतो. सकाळी तोंडाला वास आला तर पैसे परत मिळत नाहीत, हे बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे.

चष्मा आहे. मिशी आहे. मंगळसूत्र आहे.

चष्म्यावर मास्क बसत नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, नंबरचे मास्कही ठेवले आहेत, आधी नंबर कळवा. मिशीमुळे मास्कच्या खालच्या कडेतून पाणी झिरपतं. नाकाखालची चिमूटभर कापली तरी पुरतं, पण ते कुणी ऐकत नाही, मग मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायचं शिकवतो. दागिने हॉटेलवर ठेवा. समुद्रात सोनं पडलं तर ते समुद्राचं.

खाली बोलायचं कसं?

हातांनी. आणि इथे जवळपास प्रत्येकजण फसतो. अंगठा वर करणं म्हणजे 'मस्त' नव्हे, त्याचा अर्थ 'मला वर न्या'. मासा बघून खूश झालेले काका अंगठा दाखवतात, प्रशिक्षक त्यांना इमानदारीने वर आणतो आणि वर आल्यावर काका विचारतात, 'एवढ्यात संपलं?' सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्रास असेल तर पंजा आडवा हलवून जिथे त्रास आहे तिकडे बोट दाखवायचं.

खरंच दिसतं काय? रीलमध्ये तर निळंशार असतं.

बऱ्याच रील अंदमानच्या असतात. मालवणात चांगल्या दिवशी चार-सहा मीटरपर्यंत दिसतं, रंग हिरवट. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात विरतो, म्हणून फोटोत सगळे निळे-हिरवे दिसता. व्हिडिओला रंग चढवून देणारे आहेत, आम्ही चढवत नाही.

तरीही बघण्यासारखं पुष्कळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य याच भागात, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. फुलपाखरू मासे, पोपट मासे, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे थव्याने असतात. खडकाच्या कपारीत गोब्रा तोंड काढून बसलेला असतो, कधी लायनफिश, कधी वाम. १६६४ साली ज्याचं बांधकाम सुरू झालं त्या किल्ल्याच्या सावलीत हे चाललेलं असतं, याचं आम्हाला अजूनही अप्रूप आहे. मास्कमधून वस्तू तिप्पट-चौपट नव्हे, पण साधारण तेहतीस टक्के मोठ्या दिसतात. हातभर मासा पाहिल्याचं कुणी सांगितलं तर तेवढं वजा करून ऐका.

शार्क दिसण्याची आशा धरू नका.

माशांना पाव किंवा बिस्किटं टाकली की ते जवळ येतात ना?

येतात, म्हणूनच टाकत नाही. पाव खाऊन मासे प्रवाळावरचं शेवाळ खायचं सोडतात, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतं. मासा जवळ आला नाही तरी चालेल. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. आठवण म्हणून तुकडाही आणायचा नाही : प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं.

तुमच्यापेक्षा किनाऱ्यावर निम्म्या पैशांत करून देतात.

देतात. काही चांगलं काम करणारेही आहेत. दरात काय काय येतं ते विचारा : पाण्याखालची मिनिटं किती, बोट वेगळी की त्यातच, व्हिडिओचे पैसे वेगळे का, एका सिलिंडरवर किती जणांना उतरवतात. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (सिलिंडर दाब सोसतो का, त्या तपासणीची) तारीख कोरलेली असते, ती वाचा. उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल तिकडे करा.

ट्राय डाइव्ह केली की सर्टिफिकेट मिळतं ना?

फोटोबरोबर कागद देणारे आहेत, पण त्याला डायव्हिंगचा परवाना म्हणत नाहीत. परवाना हवा तर ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला पूर्ण कोर्स, करा. थिअरी आणि तलावातला सराव ठाण्यात शनिवार-रविवारी, मग समुद्रात चार डाइव्ह. त्यावर जगात कुठेही १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. आमच्याकडे कोर्स केलेले पुढे मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जातात. तिथलं पाणी मालवणपेक्षा नितळ असतं, हे आम्ही लपवत नाही.

परत येताना आंबोली करून, कोल्हापूरमार्गे आलो तर?

डाइव्हच्या दिवशी नको. फार कमी लोक हे विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. सावकाश वर आलं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबलं, की तो हळूहळू निघू लागतो, पण पूर्ण निघायला तास लागतात. तेवढ्यात उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात. विमानाच्या बाबतीत नियम असा : एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केल्या असतील तर निदान १८ तास उड्डाण नाही. विमानाने परतणाऱ्यांनी तिकीट काढताना हे बघा.

आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे हाच विचार तिलाही लागू. महामार्गाच्या खड्ड्यांना कंटाळून बरेच ठाणेकर घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडून येतात, मोबाइलही तोच रस्ता सुचवतो. डाइव्ह केली असेल त्या दिवशी किनाऱ्याच्या बाजूनेच या किंवा रेल्वेने या. कोकण रेल्वे पूर्ण वाट खालूनच येते. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा असं काही परतल्यावर जाणवलं तर अंगदुखीची गोळी घेऊन झोपू नका. आम्हाला फोन करा आणि डॉक्टरांना 'स्कूबा केलं होतं' हे पहिल्या वाक्यात सांगा.

समुद्र खराब असेल तर पैसे?

आम्ही फेरी रद्द केली तर पूर्ण परत, किंवा त्याच हंगामात दुसरी तारीख. हॉटेल आणि रेल्वेचे पैसे आम्ही देऊ शकत नाही. तुम्ही बोटीवर चढून मग नको म्हणालात तर पैसे परत नाहीत, पण बळजबरीने कुणाला पाण्यात लोटणारही नाही. बोटीवर बसून किल्ला बघा.

पावसाळ्यात तुम्ही काय करता?

बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, रेग्युलेटर सर्व्हिसिंगला जातात आणि ठाण्यातला तलाव चालू असतो. पोहायला शिकायचं असेल किंवा कोर्सचा तलावातला भाग उरकायचा असेल तर जून ते सप्टेंबर हीच वेळ. तेव्हा फोनही लगेच उचलला जातो.